धुतलेलं बियाणं

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्याच मिशा पांढऱ्या झाल्यात, आणि आत्ता कुठं मी तुला पत्र लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. मामाचं कार्ड आलं की तू ओले हात पदराला पुसत चुलीपुढून उठायचीस, माझ्यासमोर मांडी घालून बसायचीस आणि मी वाचून दाखवायचो. मामानं कुठं तुला लागेल असं लिहिलेलं असलं की तेवढी ओळ मी गाळायचो. पण माझा आवाज कुठं अडखळला ते तुला बरोबर समजायचं. तू म्हणायचीस, "गाळलंस त्ये बी वाच." मग मी मान खाली घालून तेही वाचायचो. म्हणजे हे पत्र तुला वाचून दाखवायचं झालं तरी ते मलाच दाखवावं लागणार. हे ध्यानात ठेवूनच लिहितोय.

सध्या मी पाखरं हाकलतो. गंगाखेड रोडला परभणी संपते तिथं माझं दोन खोल्यांचं घर आहे आणि पुढं थोडी काळी जमीन आहे. सकाळी चहा झाला की मी अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकतो आणि उन्हं कलेपर्यंत 'हाऽ हाऽ' करत बसतो. सगळी नोकरी एसटीत "पुढं सरका, पुढं लय जागा हाय" म्हणण्यात गेलेल्या कंडक्टरचा आवाज काही लहान नसतो, त्यामुळं येणारे-जाणारे थांबून बघतात. शेजारच्या मास्तरीणबाई परवा फाटकाशी येऊन म्हणाल्या, काका, पाखरं यावीत म्हणून तुम्हीच तर एवढी झाडं लावलीत ना? मी म्हणालो, लावली. त्या फाटक लावून गेल्या. लोकांनी वेडा म्हटलं तरी माझी हरकत नाही. त्यांना खरं कळलं तर याहून वाईट म्हणतील.

पाखरं हाकलणं मी तुझ्याकडूनच शिकलो. पोखर्णीच्या शिवारातलं आपलं रान, ज्वारी चिकात आलेली, आणि चार दांडक्यांवर बांधलेल्या माळ्यावर तू उभी आहेस. अंगात बापाचा जुना सदरा, डोक्याला फडकं, हातात अंबाडीच्या वाखाची गोफण. मी खाली ढेकळं गोळा करून तुझ्या हातात देतोय. थवा उतरला की तू एकच आरोळी ठोकतेस आणि गोफणीचा फटाका असा वाजतो की पार ओढ्यापलीकडचे राघू उठतात. दिवसभर तुझं हेच. आणि तरी त्याच रानात बांधालगतची एक ओळ तू कधी कापू दिली नाहीस. बाभळीखालचं ते तास राळ्याचं असायचं. त्याच्या कणसांच्या मऊ शेपट्या वाकून जमिनीला टेकायला आल्या की त्यांच्यावर बारक्या चिमण्या लोंबकळायच्या. तिकडं तू गोफण फिरवायची नाहीस. बाप कुरकुरायचा. तू म्हणायचीस, त्यांना त्यांचं तास दावलं की ते आपल्यात कमी येतात. हा तुझा हिशेब खरा होता की तुला नुसतीच दया यायची, हे मी तुला कधी विचारलं नाही.

तुझा मार मी एकदाच खाल्ला, तोही पाखरापायी. आठवतंय का? मी खळ्याच्या कडेला मूठभर ज्वारी टाकली, वर टोपली काडीवर टेकवली, काडीला सुतळी बांधली आणि कडब्याच्या गंजीआड बसलो. होला आला, कबुतराहून बारका. दाणे टिपत टिपत आत गेला आणि मी सुतळी ओढली. केवढी ऐट होती मला! दोन्ही हातांत धरून मी तो तुला दाखवायला पळत आलो. तू आधी तो माझ्या हातातून घेतलास, सोडून दिलास आणि मग माझ्या पाठीत अशी चापट मारलीस की मी हेलपाटलो. मला ते पटलं नाही. मी रडत म्हणालो, तू तर दिवसभर त्यांना ढेकळं मारतीस, मग मी धरला तर काय झालं? तू खाली बसलीस, माझ्या शर्टाची गुंडी नीट केलीस आणि म्हणालीस, "मी मारते त्ये चोरून खायला येतंय. त्याला ठावं हाय, हितं ढेकूळ बसतंय. ह्ये तर तू दिलंस म्हून आलं." एवढंच. मग तू पुन्हा माळ्यावर चढलीस.

लग्नानंतर आम्ही पाथरीला भाड्याच्या खोलीत राहायला निघालो, तेव्हा तू तुझ्या सुनेच्या हातात एक पुरचुंडी दिलीस. ती गंगाकाठची, शेतकऱ्याची लेक. तिनं हुंगूनच ओळखलं, राळा. तू म्हणालीस, कुठं हातभर जागा मिळाली तर टाक. त्या खोलीला अंगण नव्हतं. पुरचुंडी खिळ्याला अडकवली ती बदल्या होईल तशी आमच्यासोबत खिळे बदलत राहिली. हे घर बांधलं त्या वर्षी तिनं सोडून बघितली, तर आत भुगा आणि किडे. ती मला म्हणाली, तुमच्या आईनं दिलेलं वाया घालवलं आपण. मी म्हणालो, बाजारात मिळेल की. मिळत नाही, माय. आपल्याकडं आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन आणि कापूस. राळा म्हटलं की दुकानदार तोंडाकडं बघतात.

चार वर्षांमागं तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, बोलता येणार नाही. हे समजतं आणि बोलता येत नाही म्हणजे काय, ते मी तेव्हापासून रोज बघतोय. घरात सगळा वेळ बडबड करणारी बाई ती. मी ड्युटीवरून आलो की दिवसभराचं सगळं मला जेवण होईस्तोवर सांगायची आणि मी 'हूं' म्हणायचो. आता मी बोलायचो आणि ती छताकडं बघायची. जेवण भरवलं तर घास तोंडात तसाच धरून ठेवायची. मी तिची खुर्ची खिडकीशी ओढली ती तिच्यासाठी नव्हे खरं तर; केर काढायला अडत होती म्हणून. बाहेर अंगण उघडं-बोडकं. एक बुलबुल आला, तारेवर बसला, शेपटी हलवली. आणि तिनं मान वळवली. दवाखान्यातून आल्यापासून तिनं आपणहून केलेली ती पहिली गोष्ट. डाव्या हाताची दोन बोटं तिनं खुर्चीच्या हातावर आपटली, टक टक, मला दाखवायला.

त्या दिवसापासून मी झाडांच्या मागं लागलो. सुरुवातीला नर्सरीत जाऊन रंगीत पानांची, छान दिसणारी झाडं आणली. एक पाखरू फिरकलं नाही. त्यांना काय करायचीत रंगीत पानं, त्यांना खायला पाहिजे, एवढं कळायला मला पाऊस-उन्हाळ्याचं एक वर्ष गेलं. तू असतीस तर हसली असतीस. मग मी तुझं रान आठवायला बसलो. बांधावर काय होतं, कुठलं पाखरू कशावर बसायचं. शेवगा लावला. कुंपणाला कोरांटी लावली, तिच्या फुलांवर बोटाएवढी काळी-निळी पाखरं येतात आणि चोच खुपसून मध घेतात. तुती लावली, बोर लावली. चिखल राहील अशी एक जागा ठेवली, साळुंक्या तिथं नाचतात. आणि राळा मिळाला, सांगितलं तर खोटं वाटेल, पिंजऱ्यातल्या पाखरांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात. त्या पाकिटातलेच दाणे खिडकीसमोर एका ओळीत पेरले आणि ते उगवले. पहिली कणसं वाकली तेव्हा बारक्या ठिपकेवाल्या मुनिया आल्या. एका कणसावर तीन-तीन लोंबकळायच्या. आत ती टक टक करायची, मी बाहेरून बघायचो. तिचं तोंड एका बाजूनंच हसायचं, पण हसायचं. घास गिळायला लागली. माय, त्या तीन वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते पाखरांवरून झालं.

यंदा आधी पेरलेला राळा पाण्यानं सडला. दुसऱ्यांदा पेरला तो उशिरा आला. दसरा गेला तरी कणसं हिरवी, आत नुसतं पाणी. तुती संपलेली, बोरीला कळी. बाहेरच्या रानांत खायला भरपूर, त्यामुळं आमच्याकडं कोण येणार. दिवस दिवस अंगण मोकळं राहायला लागलं. ती सकाळी खिडकीत बसायची ती संध्याकाळपर्यंत तशीच. पुन्हा घास तोंडात धरून ठेवायला लागली. मी तिला म्हणायचो, आठ-दहा दिवसांनी राळा भरतोय, मग बघ. तिला म्हणायचो, पण मलाच धीर नव्हता. पुन्हा ते छताकडं बघणं सुरू झालं तर मी काय करणार होतो?

तेवढ्यात तुझा धाकटा लेक रानातली पेरणी उरकून आला. दवाखान्याचं काही काम होतं. जाताना उरलेल्या ज्वारीची थैली ठेवून गेला, परत न्यायला ओझं नको म्हणून. चपला घालता घालता म्हणाला, "दादा, बी औषधाचं हाय. हात लावला तर धुवून टाका." मी हो म्हणालो. थैली सोडून बघितली, तर दाणे गुलाबी. चांगली दोन पायल्या ज्वारी.

मला तूच आठवलीस. पेरणीनंतर पाभरीच्या चाड्यात उरलेलं बियाणं तू कधी टाकलं नाहीस. त्याला गंधक चोळलेलं असायचं. तू ते पाटीत घालून आडावर न्यायचीस, तीन पाण्यांनी खळखळून धुवायचीस, बाजेवर वाळवायचीस आणि दळायचीस. त्याची भाकरी आम्ही खाल्ली आणि आम्हाला काही झालं नाही. मी तेच केलं. घमेल्यात ज्वारी ओतली आणि नळाखाली धरली. पहिलं पाणी लालभडक गेलं. दुसरं गुलाबी. चौथं, पाचवं स्वच्छ. दाणे पांढरे झाले, आपल्या ज्वारीसारखे मोत्यासारखे. ती खिडकीत बसून हात वाजवत होती. पाखरं येणार म्हणून तिलाही घाई झाली असेल, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेले दाणे मी तिच्या खिडकीसमोर, राळ्याच्या ओळीपुढं, पसरून टाकले.

आली. मुनिया आल्या, चिमण्या आल्या, होल्याची जोडी आली. इतकी पाखरं अंगणात मी कधी बघितली नव्हती. मी आत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, बघ. चहा ठेवायला म्हणून वळलो. चहा उकळेपर्यंत बाहेरचा आवाज थांबला होता. एक चिमणी पंख पसरून जागच्या जागी गोल फिरत होती. होला कुंपणापर्यंत उडाला आणि भिंतीवर आपटून खाली पडला. मुनिया राळ्याच्या मुळाशी बसल्या होत्या, मान वर धरवत नव्हती त्यांना. धरायच्या आणि पुन्हा टेकवायच्या. मी पाण्याची वाटी घेऊन धावलो. कशाला, ते मला माहीत नाही. होला माझ्या हातातच गेला. उबदार होता, छाती अजून धडधडत होती आणि मग नव्हती. मी वर बघितलं, तर ती खिडकीतून बघत होती. खिडकी आधी लावायला पाहिजे होती, एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

ज्या घमेल्यात ज्वारी धुतली त्यातच पाखरं गोळा केली. तुतीखाली खोल खड्डा करून पुरली. मग गुडघ्यावर बसून दाणे वेचले, माती खरवडली, पोत्यात भरून लांब नेऊन पुरली. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, ते औषध दाण्याच्या आत जातं, धुऊन निघत न्हाई दादा, तुमाला सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं. मी घरात आलो आणि तिला म्हणालो, पलीकडच्या कपाशीवर फवारणी झालीय, तिथून खाऊन आली असतील. तिनं माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी मी खुर्ची खिडकीशी ओढली, तर तिनं डावा पाय जमिनीला लावून जोर केला आणि खुर्ची भिंतीकडं वळवली. चार वर्षांत तिनं एवढा जोर कधी लावला नव्हता. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून बसते. मी सकाळी वळवतो, ती पुन्हा वळवते. परवापासून मी वळवायचं सोडलं.

आता कार्तिक संपत आलाय. राळा भरलाय, माय. तुझ्या बांधावर यायचा तसा, शेपट्या जमिनीला टेकल्यात. मुनियांचा नवा थवा आलाय आणि मी त्याला उतरू देत नाही. माझी जमीन काळी आहे, तिला जागोजागी भेगा आहेत. एखाद्या भेगेत दाणा राहिला नसेल असं मला कोण सांगणार? म्हणून हाकलतो. चोरून येणाऱ्याला तू हाकलायचीस. मी तर त्यांना तीन वर्षं पेरून पेरून बोलावलं, विश्वास बसेल असं केलं, आणि मग हातानं विष घातलं. तू दिलंस म्हणून आलं, हे तुझे शब्द मी इतकी वर्षं जपले, त्याचा मला काय उपयोग झाला? तुझं धुणं लक्षात ठेवलं आणि तुझी चापट विसरलो. मी 'हाऽ हाऽ' करतो तेव्हा आत तिला ऐकू जातं. तिला काय वाटत असेल ते मला समजत नाही, आणि मला आता विचारायचा धीरही नाही. यातून काही बरं होईल असं मला वाटत नाही. झाडं तोडून टाकावीत असं रोज वाटतं आणि रोज त्यांना पाणी घालतो.

इथं संपवणार होतो. पण तू समोर मांडी घालून बसलेली दिसतेस आणि माझा आवाज कुठं अडखळला ते तुला समजलेलं आहे.

गाळलेलं हे. पाखरू दिसलं की ती दोन बोटांनी टक टक करते. मी ज्वारी धुताना ती दोन बोटं नव्हती, पूर्ण तळहात होता, आणि तो खुर्चीवर नाही, खिडकीच्या गजावर आपटत होता. शेतकऱ्याची लेक ती, गुलाबी पाणी बघून तिला कळणार नाही तर कुणाला? मी पाठमोरा होतो, पण ऐकलं. हे वेगळं वाजतंय हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी वळलो नाही. चार वर्षं तिचं ते ठोकणं ऐकून मला त्या दिवशी कंटाळा आला होता, माय.

हे तुला मोठ्यानं वाचून दाखवता येणार नाही. ती पलीकडच्याच खोलीत आहे आणि तिला ऐकू येतं.